‘छान’ न म्हणणारी भाग्यश्री

भाग्यश्रीच्या तोंडून खोटं ‘छान’ कधी निघालं नाही. माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवाल्या माळ्यांचं. झेंडूची पाटी बाजारात उतरली की गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं, ‘फूल पाणचट आहे, संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही.’ बाप रागवायचा नाही, घरी येऊन वाफ्याचं पाणी कमी करायचा. पुढे ती नाशकातल्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागली, कॅमेरा घेतला आणि हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात जाऊ लागली. तिथे तिची पंचाईत झाली.

मंडळ महिन्यातून एका रविवारी भरायचं. दोरीवर चिमट्यांनी फोटो टांगायचे आणि प्रत्येकाने प्रत्येक फोटोवर दोन शब्द बोलायचे, अशी पद्धत. ते शब्द खरोखरच दोन होते: ‘सुंदर’ आणि ‘अप्रतिम’. गोदाघाटावरचा साधू सुंदर, गंगापूर धरणावरचा सूर्यास्त अप्रतिम, आणि मग चहा. नुसतं अहो रूपम् अहो ध्वनिः! भाग्यश्री मात्र म्हणायची, ‘साधू ताठ बसलाय, कारण तुम्हीच त्याला बसवलंय. त्याला तंबाखू मळू द्या, विसरू द्या तुम्हाला, मग काढा.’ चूक सांगायची आणि उपायही सांगायची. लोक तोंडं वाकडी करत, पण पुढच्या महिन्यात मुकाट तसाच फोटो काढून आणत.

जीभ तिखट असली की कधीतरी आपल्यालाच झोंबते. २००२ च्या जूनमध्ये पेठकडचे झिपरू मास्तर मंडळात दुसऱ्यांदाच आले. आपल्या पाड्यावरच्या शाळेत शिकवणारा अबोल माणूस. त्यांनी आदल्या वर्षीचा भाताच्या आवणीचा फोटो टांगला. वर ढगच ढग, मागे डोंगर आणि खाली कुठेतरी रोपं लावणारी टिकलीएवढी माणसं. भाग्यश्री म्हणाली, “सर, हा रस्त्यावरून काढलाय. मोटारसायकलवरून खाली तरी उतरला होता का?”

सगळे खो खो हसले. मास्तर हसले नाहीत. चहा न घेताच ते एसटी पकडायला निघून गेले, फोटो दोरीवरच राहिला.

चार-सहा दिवसांनी मंडळाचे अध्यक्ष गोटीराम अण्णा शाळेत आले. त्यांचा स्टुडिओ होता, स्वभाव सगळ्यांना सांभाळून घेणारा. “मास्तर कॅमेरा विकायला काढतायत,” ते म्हणाले. “ताई, एक पत्र टाका. फोटो छान होता, मी गंमत केली म्हणावं. तुमचं काय जातंय?”

“छान नव्हता, अण्णा. खोटं लिहिलं तर त्यांनाही कळेल.”

“मग घालवा एक माणूस.”

हे तिच्या जिव्हारी लागलं. माणूस घालवायचा नव्हता आणि खोटंही बोलायचं नव्हतं. पत्राने काम भागणार नाही, जिथून फोटो काढला तिथे जाऊनच बघायचं, असं तिने ठरवलं. घरच्यांनी वेड्यात काढलं, तरी जुलैतल्या एका रविवारी तिने दोरीवर राहिलेला तो फोटो अण्णांकडून घेऊन पिशवीत घातला आणि पेठची एसटी धरली.

सावळघाट उतरून पाड्यावर पोचली, तर आवणी ऐन भरात. झिपरू मास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाचरात वाकलेले, शेजारी त्यांची आई कमळाबाई. भाग्यश्री सरळ बांधावरून निघाली, तशी म्हातारी ओरडली, “ओ बाय, बांधावर पाय नको देऊ! कालच लिंपलाय. फुटला तर समदं पानी जाईल.”

ती मुकाट मागे सरली. मागे उभं राहायला जागा एकच, रस्ता. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि समोर मास्तरांचा फोटो जसाच्या तसा दिसला. टिकलीएवढ्या माणसांत एक त्यांची आई होती तर! भाग्यश्रीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून फोटो काही चांगला होत नव्हता. तिने चपला काढल्या, साडी खोचली आणि कमळाबाईंनी दाखवल्या वाटेने खाचरात उतरली. रोपं लावली, तीही वाकडीतिकडी. कमळाबाई मागून ती उपटून पुन्हा लावत होत्या. कंबर मोडायला आली, तेव्हा वाकल्या वाकल्या तिने मान वळवली. कमळाबाईंचा हात, ओला चेहरा आणि त्यांच्या पाठीपलीकडे अख्खा डोंगर.

“सर, इथून. इथूनच काढा.”

“इथं कॅमेरा कसा आणू, मॅडम?” मास्तर हळूच म्हणाले. “आई वाकलेली आणि मी फोटो काढत उभा? पाड्यावर म्हणतील, मास्तर झाला नि आवणी इसरला. त्या दिवशी रोपं आणायला म्हणून वर गेलो, तेवढ्यात काढला.”

“खाली उतरलात का म्हणाले, ते माझं चुकलं. चारचौघांत हसवलं, तेही चुकलं,” भाग्यश्री म्हणाली. “पण फोटो लांबचा आहे, हे चुकलेलं नाही.”

मास्तर पुन्हा रोपं लावायला वाकले. ती चिखलाच्या पायांनी परतीच्या एसटीत बसली.

सप्टेंबरात मास्तर आले आणि दोरीवर एक फोटो टांगून मागे जाऊन बसले. कमळाबाईंचा चेहरा जवळ, बोटांत रोपं, कोपऱ्यात भिंगावर उडालेल्या चिखलाचा डाग. “सुंदर,” गोटीराम अण्णा घाईने म्हणाले. “अप्रतिम,” बाकीच्यांनी री ओढली. मग सगळ्यांच्या नजरा भाग्यश्रीकडे वळल्या. अण्णांनी तर डोळ्यांनीच हात जोडले.

तिला भीती वाटली. एका शब्दाने हा माणूस कायमचा जाईल, हे तिला कळत होतं. तरी ती उठून फोटोजवळ गेली.

“चेहरा आणि हात फार चांगले आलेत. पण डोंगर आईच्या डोक्यावर बसलाय, सगळी नजर तिकडेच जाते. तुम्ही अजून वाकायला हवं होतं.”

मास्तर उठले. पिशवी उचलतील असं वाटलं, पण ते फोटोपाशी आले.

“सगळे सुंदर म्हणत होते, तेव्हा वाटलं, आता तुम्हीपण तेच म्हणणार,” ते म्हणाले. “मग मी पुन्हा आलो नसतो.”

त्यांनी चिमटा काढून फोटो तिच्या हातात दिला. “किती वाकू, ते दाखवा.”