काउंटच्या कोटाचा मुंढा

बेंगळुरूच्या शिवाजीनगरला आमचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. खाली भांडीवाला, वर आम्ही. आमचे लोक मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले आणि इथलेच झाले, असं अण्णा सांगतात. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी चाळीस वर्षं लष्करातल्या अधिकाऱ्यांचे गणवेश शिवले. मी नवं फारसं शिवत नाही. लोक फोनवरून कपडे मागवतात, ते बसत नाहीत, मग माझ्याकडे आणतात. आत घेणं, बाहेर सोडणं, उसवलेलं सांधणं, हेच माझं काम.

अण्णांची नजर काचबिंदूनं गेली आणि पाठोपाठ आठवणही उसवायला लागली. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून मी त्यांना दुकानात आणून खिडकीशी बसवते. हाताला कापड लागलं की ते शांत असतात. चिंध्यांचं एक गाठोडं मी त्यांच्या मांडीवर देऊन ठेवते.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये दुपारी एक म्हातारी बाई जिना चढून आल्या. मागून रिक्षावाला पत्र्याची पेटी घेऊन आला. बाईंचं वय ऐंशीच्या पुढे, रंग आपल्यासारखाच सावळा, डोळे मात्र फिकट करडे. कन्नड अगदी इथल्या लष्करी छावणीतलं. बसल्यावर दम खाऊन त्या म्हणाल्या, "माझ्या आजोबांच्या घरातले चार कपडे आहेत. नीट करून दे. त्यांना थंडी वाजते."

मला वाटलं, कपड्यांना हवा लागते, असं काहीतरी म्हणायचं असेल. मी पेटी उघडली.

वर होता काळा कोट, घोडेस्वाराचा, बसायला मागे चीर ठेवलेला. तो बाईंच्या आजोबांचा. ते रशियात काउंट होते, म्हणजे मोठे उमराव. स्वतःची जमीन, स्वतःचे घोडे. क्रांती झाली तेव्हा बायको आणि लहान मुलीला घेऊन काळ्या समुद्रावरच्या एका बंदरातून निसटले आणि पाच-सहा देश फिरून बेंगळुरूला पोचले. इथे शर्यतीच्या घोड्यांना चाल शिकवायचं काम मिळालं. ज्यांच्या तबेल्यात शंभर घोडे होते ते दुसऱ्यांच्या घोड्यांचे खूर तपासायला लागले. त्यांच्या मुलीनं इथल्याच एका शाळामास्तरांशी लग्न केलं. त्या दोघांची मुलगी म्हणजे या बाई.

"आजोबा चार भावंडं," त्या म्हणाल्या, "आणि चौघांची चार तऱ्हेची आयुष्यं."

दुसरा कोट जाड तपकिरी. मी काही म्हणायच्या आत अण्णांनी हात पुढे केला. त्यांनी बाहीवरून अंगठा फिरवला, कोपर चाचपले, पोटाजवळचं कापड चिमटीत धरलं. "हा माणूस बसून काम करायचा," ते म्हणाले. "हात पुढे धरून. दिवसभर."

बाई अण्णांकडे बघत राहिल्या. तो कोट आजोबांच्या थोरल्या भावाचा होता. पॅरिसला जाऊन त्यांनी मरेपर्यंत टॅक्सी चालवली.

तिसरा होता राखाडी रेशमी झगा. तो धाकट्या बहिणीनं शिवलेला. लहानपणी तिच्या मापांसाठी घरी शिंपी यायचा. पुढे तिनंच पॅरिसच्या एका शिवणघरात वीस वर्षं काढली आणि हा झगा शिवून वहिनीसाठी बोटीनं पाठवला. मी तो उलटा करून बघितला. इतके एकसारखे टाके मी जन्मात घातले नाहीत. टाका कुठे सुरू होतो तेच दिसत नव्हतं.

चौथ्या कपड्याला मला हात लावावासा वाटला नाही. कापूस भरून दोरे मारलेलं एक जाड जाकीट, मळखाऊ रंगाचं. पाठीवर आणि छातीवर एकेक चौकोन, आजूबाजूपेक्षा कमी विटलेला, कडेनं सुईची भोकं. तिथे काहीतरी शिवलेलं होतं आणि नंतर काढून टाकलं होतं.

"थोरली बहीण," बाई म्हणाल्या. "ती मागे राहिली. उमरावाची मुलगी म्हणून छावणीत टाकली. आपल्यासारखी छावणी नव्हे, कैद्यांची. तिथला नंबर होता तो. सुटल्यावर साखरेच्या कारखान्यात राखणदार झाली. तिकडचा एक इंजिनियर इथल्या कारखान्यात कामाला आला होता, त्यानं हे आणून दिलं. चिठ्ठी नाही, काही नाही. आजीनं ते अंगात घातलं आणि दिवसभर बसून राहिली. मे महिन्यात."

मी काम घेतलं. घोडेस्वाराच्या कोटापासून सुरुवात केली, कारण त्याचाच डाव्या बाहीचा मुंढा, खांद्याशी बाही जोडतात तो सांधा, वीतभर उसवला होता. अर्ध्या तासाचं काम. हातानं शिवलं, इस्त्री करून टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर तेवढंच, त्याच ठिकाणी उसवलेलं. दोरा कच्चा निघाला असेल म्हणून नवं रीळ काढलं, दुहेरी दोऱ्यानं शिवलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता मी नीट पाहिलं. दोरा तुटलेला नव्हता, एकेक टाका सोडवून काढला होता, कापडाला धक्का न लावता. असं उसवणं शिंप्यालाच येतं.

तिसऱ्यांदा शिवून मी चहा सांगायला खाली गेले. वर आले तर कोट अण्णांच्या मांडीवर होता आणि त्यांच्या हातात पातं. कात्री, पाती मी त्यांच्यापासून लांब, कपाटात कुलपात ठेवत होते.

"अण्णा, काय करताय?"

"त्याला तो उघडाच हवाय," अण्णा म्हणाले. आवाज अगदी जुना, कामाच्या दिवसांतला. "आत खिसा आहे बघ. रिकामा. त्याला म्हटलं, रिकामाच आहे, मी बघितलंय."

मी बोट घातलं. मुंढ्याच्या आत, अस्तर आणि कापडाच्या मधे, खरंच एक चिंचोळी पिशवी होती. तीन वेळा शिवूनही माझ्या हाताला लागली नव्हती.

"कोण म्हणालं उघडा हवा म्हणून?"

अण्णांनी समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे मान वळवली. त्यांना दिसत नाही, तरी वळवली. मग पातं माझ्या हातात दिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "आज वार कुठला?"

कपाटाचं कुलूप लावलेलंच होतं. किल्ली माझ्या कमरेला.

संध्याकाळी बाईंना फोन केला. स्टुलाचं बोलले नाही, फक्त खिसा सापडला म्हणाले. त्या म्हणाल्या, "त्यात आजीची अंगठी होती. बोटीवर जागा मिळवायला बंदरावर देऊन टाकली. पुढे प्रत्येक सरहद्दीवर झडती व्हायची, शिपाई कोट फाडायचे. म्हणून आजोबांनी तो खिसा उघडा ठेवला. बघा, काही नाही, म्हणून दाखवायला. इथे आल्यावर कुणी झडती घेणारं नव्हतं, तरी कुणाला शिवू दिला नाही. राहू दे तसाच."

"सरी, तसाच ठेवते," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये कपडे पोचवायला गेले. जुना बंगला, चारी बाजूंनी नव्या इमारती. ऊन रणरणत होतं पण जेवणाच्या खोलीत पाय ठेवला आणि गारठ्यानं दंडावर काटा आला. घर सांभाळणारी अक्का दाराशीच थांबली. ती त्या खोलीत जात नसे. बाईंनी सांगितलं तसे मी चार खुर्च्यांच्या पाठींवर चार कपडे घातले. झगा त्यांच्या मापाला करून ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं. "शेवटी मला तो घाला," असं तेव्हा शांतपणे म्हणाल्या होत्या.

मी अक्काबरोबर स्वयंपाकघरात हात धुवायला गेले. दोन मिनिटं लागली असतील. परत आले तर टॅक्सीवाल्या भावाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या टेबलावर पुढे ठेवलेल्या. मी त्या खाली सोडल्या होत्या, हे मला पक्कं आठवतं. बाई आपल्या खुर्चीत होत्या आणि त्यांची काठी माझ्या बाजूला, भिंतीशी. काठीशिवाय त्यांना उठता येत नव्हतं.

"त्याला तशीच सवय," त्या म्हणाल्या. "बस ना तू. चहा घे स्वल्प."

मी उभ्यानंच घेतला.

जूनमध्ये एका सकाळी अक्काचा फोन आला, बाई गेल्या. झगा अंगाला होत नव्हता. दोन महिन्यांत त्या इतक्या वाळल्या होत्या की कापड खांद्यावरून घसरत होतं. तू येऊन बघ, म्हणाली.

मी मेलेल्या माणसाला कधी हात लावला नव्हता. आमच्यात बायका लांबच असतात. पण कबूल केलेलं काम होतं. त्यांच्याच खोलीत, पलंगावर, अक्कानं त्यांना कुशीवर धरलं आणि मी पाठीवर कापड चिमटीत घेऊन टाचण्या लावल्या. त्या पॅरिसच्या बहिणीच्या टाक्यांशेजारी माझे टाके ओबडधोबड दिसत होते. अंगावरचं कापड शिवू नये, शिवायचंच तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं दातात दोरा धरावा, असं आई म्हणायची. अक्कालाही ते माहीत असावं. तिनं काही न बोलता माझ्या रिळाचा हातभर दोरा तोडला आणि बाईंच्या ओठांत ठेवला.

पाठ शिवून झाली. सरळ निजवल्यावर झगा छान बसला होता. मी दोरा काढायला गेले. तो सुटेना. हलकेच ओढला, तरी सुटेना. अक्का माझ्याकडे बघत होती. मग मी कन्नडमध्ये म्हटलं, "झालं, अम्मा, संपलं," आणि तो हातात आला. टोक ओलं होतं. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली, पण तो ओलसरपणा बोटांवरून दोन दिवस गेला नाही.

दफनाला बाईंचा भाचा परदेशातून आला. शांत, सभ्य माणूस. बाईंनी लिहून ठेवलं होतं की उरलेले तिन्ही कपडे त्याला द्यावेत. टॅक्सीवाल्याचा कोट खुर्चीवर होता, जाकीट होतं. घोडेस्वाराचा कोट नव्हता. बंगल्यातली कपाटं, माळा, बाईंच्या पेट्या, सगळं पालथं घातलं. भाच्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे दुरुस्तीला परत आला होता का?" मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. जुना कोट, उमरावाचा, त्याला गिऱ्हाईक मिळालं असतं. मी दुकानात येऊन सगळे ढीग उपसले. माझ्याकडे तो नव्हता, हे मला माहीत होतं, तरी उपसले. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "कुठला कोट?"

भाचा दोन्ही कपडे घेऊन परत गेला. बंगला पाडला.

अक्का आता राजाजीनगरला एका घरी कामाला आहे. गेल्या महिन्यात बस स्टॉपवर भेटली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग ती म्हणाली, "बाई गेल्या त्या सकाळी मी उठले तेव्हा पुढचं दार आतून उघडं होतं. रोज कडी मीच घालते. आदल्या रात्रीही घातली होती."

"मग तेव्हा का बोलली नाहीस? निदान भाच्याला सांगायचं. त्यानं पोलिसांत कळवलं असतं."

"काय सांगू?" ती म्हणाली. "चोर आत आला असता तर सांगितलं असतं. दाराची कडी आतून काढलेली होती. घरातलंच माणूस कोट घालून बाहेर गेलं, असं सांगू?"

तेवढ्यात तिची बस आली. पिशव्या सावरत ती चढली. मी माझ्या बसची वाट बघत थांबले.