शेलारची लाल दोरी

सौदीतल्या तबूकच्या डोंगरात बर्फ पडतो असं सांगितलं की साताऱ्याची मंडळी हसतात. पडतो. जिथे कमी पडतो तिथे मशीन पाडतं. आर्मीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी इथल्या एका स्की रिसॉर्टवर रेस्क्यू टीमला शिकवायला आलो.

धडा ठरलेला. उतार एकेकट्याने ओलांडायचा. स्कीच्या काठीच्या पट्ट्यातून मनगट बाहेर. कमरेला लांब लाल दोरी, मागे मोकळी सोडलेली. एव्हलांच आली, बर्फाचा कडा कोसळला, की माणूस गाडला जातो, हलकी दोरी वर राहते. ती धरून खणायचं.

काश्मीरच्या पोस्टवर नाईक शेलार ही दोरी सगळ्यांत घट्ट बांधायचा. म्हणायचा, "उस्ताद, बायकोने ओढली तरी सुटणार नाही."

एका सकाळी जनरल साहेब आमचं स्कीचं प्रात्यक्षिक पाहायला येणार होते. रात्रभर ताजा बर्फ पडला होता. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी हुकूम दिला, "शेपट्या काढा. फोटोत माकडं दिसाल."

मी सगळ्यांच्या दोऱ्या सोडून माझ्या पाठीवरच्या पिट्ठूत भरल्या. प्रात्यक्षिक चालू असतानाच उतारावरचा बर्फ तुटून आमच्यावर आला. बाकीचे वर आले, शेलार आला नाही. आम्ही बर्फात सळया खुपसून शोधत राहिलो. सापडला तेव्हा उशीर झाला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजर साहेब म्हणाले, हवालदार दोऱ्या आणायलाच विसरला. मी सावधान उभा होतो. गप्प राहिलो.

गेल्या हिवाळ्यात तेच मेजर साहेब सेफ्टी कन्सल्टंट म्हणून आमच्या रिसॉर्टवर आले.

"अरे कदम! अजून बर्फातच?"

"हो साहेब."

"दाखव, तुझी टीम काय करते."

ड्रिलमध्ये एक जिवंत माणूस बर्फाच्या खड्ड्यात झोपवतात. हातात रेडिओ, तोंडापुढे हवेसाठी पोकळी, वरून बर्फाच्या विटा. त्याची दोरी तेवढी बाहेर. टीम शोधते आणि काढते. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मी झोपतो." शेवटची वीट मी लावली.

टीमला दोरी लगेच दिसली. तबूकच्याच फहदने फावडं उचललं. मी हात आडवा घातला. सगळ्यांचे रेडिओ एकाच चॅनेलवर होते. सगळ्यांना कळावं म्हणून मी मुद्दाम इंग्रजीत बोललो.

"साहेब, कदम बोलतोय. शेलारची दोरी काढायला कोणी लावली? ओव्हर."

"मस्करी पुरे, कदम. काढ मला."

"प्रश्न रिपीट करतो. ओव्हर."

साहेबांनी बटण दाबून धरलं होतं. नुसता श्वास ऐकू येत होता, आधीपेक्षा जलद.

"उस्ताद, खलास, बस झालं," फहद म्हणाला. "यल्ला, चला, खणू या."

मी हललो नाही. त्या माणसाची भीती मला ऐकायची होती. खोटं कशाला बोलू, गोड लागली.

"मी," रेडिओवर आवाज आला. "हुकूम माझा होता." मग थांबून, "आणि गाठ कोणी सोडली, कदम? ओव्हर."

फहद माझ्याकडे पाहत होता. मी बटण दाबलं.

"मी सोडली. आउट."

मग खणलं. साहेब बाहेर आले तेव्हा ओठ निळे होते. अंगावरचा बर्फ झटकून ते थेट गाडीकडे गेले. संध्याकाळी मी स्वतःच मॅनेजरला सगळं सांगितलं. शिकवणं माझ्याकडून काढून घेतलं. रास्तच होतं, सेफ्टी शिकवणाऱ्याने खणू पाहणारं फावडं अडवलं होतं. आता मी स्टोअरमध्ये असतो, वर जाणाऱ्यांना दोऱ्या बांधून देतो.

साहेबांना मी माफ केलेलं नाही. पुन्हा तसे हाती लागले तर पुन्हा विचारेन.

प्रत्येकाच्या कमरेला मी शेलारची गाठ बांधतो. इतकी घट्ट कशाला, असं फहद परवा कुरकुरला. मी म्हटलं, राहू दे. शेलारची गाठ हातमोजे घालून सुटत नव्हती. ती सोडायला त्या सकाळी मी हातमोजे काढले होते.