मैमूने विणलेले आकडे

फेब्रुवारीत आमच्याकडे असे पंधरा-वीस दिवस येतात, की समुद्र धड पाणीही नसतो आणि धड जमीनही नसतो. बर्फ होडीला जाड आणि पायाला पातळ. काठावर उभं राहिलं की समोरच्या किनाऱ्यावरच्या चर्चचा मनोरा दिसतो, हात लांब केला तर बोटाला लागेल इतका स्वच्छ. सात किलोमीटर. पण जाता येत नाही. एकतीस वर्षं मी या लोनासार बेटाची टपालहोडी चालवली, तेव्हा हे मी अधिकाराने सांगतो: त्या दिवसांत लोनासारवरून कुणी हलत नाही.

एकच वाट तेवढी चालू राहते. समुद्राच्या तळाशी टाकलेली, माझ्या मनगटाएवढी जाड तार. तिच्यातून इंटरनेट येतं आणि ते कधी गोठत नाही. राजधानीत बसलेल्या माणसाइतक्याच झटक्यात आम्ही मत देतो, करार करतो, डॉक्टरांची चिठ्ठी मागवतो. आमच्या एस्टोनियात सरकारी कचेरीत कागद घेऊन कुणी उभंच राहत नाही. ओळखपत्र यंत्राच्या फटीत सरकवायचं, चार आकडे दाबले की दार उघडलं, पाच आकडे दाबले की सही झाली.

आम्ही म्हणजे कोण, हे मात्र सांगायला हवं. हिवाळ्यात बेटावर चौतीस माणसं राहतात आणि त्यांतल्या एकोणीस जणांच्या वतीने हे सगळं करायची एकटी मैमू.

मैमू मूळची पार्नूची, शहरातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. नवरा समुद्राने नेला नाही, साध्या न्यूमोनियाने नेला, याचं तिला नेहमी आश्चर्य वाटायचं. वाचनालय तिच्याकडे होतं. बेटावरचा पहिला संगणक तिथेच आला, खोक्यातून तिनेच काढला, आणि आम्हा सगळ्यांना बाकावर बसवून शिकवायलाही तिनेच सुरुवात केली. आम्ही शिकलो नाही. बर्फातली भेग मी वासावरून ओळखतो, पण त्या पडद्यासमोर बसलो की माझी बोटं ओंडक्यासारखी व्हायची. मग किनाऱ्यावरची बँक बंद झाली, पोस्ट बंद झालं, आणि एक दिवस साल्मेने, म्हणजे माझ्या शेजारणीने, आपलं ओळखपत्र आणि आकड्यांचं पाकीट मैमूच्या टेबलावर ठेवलं.

"घे बाई. तुझ्याकडेच राहू दे. मला मेलीला काय कळतंय!"

"असं द्यायचं नसतं, साल्मे. आकडे आपले आपण पाठ करायचे आणि पाकीट जाळायचं. नियम आहे."

"मग तू पाठ कर, मी जाळते," साल्मे म्हणाली, आणि तिने खरंच ते शेगडीत टाकलं. मैमूला जेमतेम वाचायला वेळ मिळाला.

साल्मेमागून बाकीचे आले. मीही त्यांत होतो.

आकडे लिहून ठेवायचे नाहीत हा नियम मैमूने कधी मोडला नाही. तिने ते विणले. आमच्याकडे दर घराची हातमोज्यांची नक्षी वेगळी. मनगटाजवळची किनार पाहिली की मोजा कुणाच्या घरचा ते कळतं. त्या किनारीखाली मैमूने एक नवी ओळ घातली. आकडा जेवढा तेवढे लाल टाके, मध्ये एक पांढरा, मग पुढच्या आकड्याचे लाल. डाव्या मोज्यात दाराचे चार आकडे, उजव्यात सहीचे पाच. शून्याला निळा टाका. पाहणाऱ्याला वाटावं, हात चुकलाय जरा. ओळखपत्रं तिच्या खणात आणि मोजे आमच्या हातांत. काम निघालं की वाचनालयात जायचं, मोजे काढून टेबलावर ठेवायचे. पण सहसा तिला पाहावे लागत नसत. आमचे आकडे तिच्या बोटांतच बसले होते.

"एक मिनिटाचं काम आहे गं, मैमू." अकरा वर्षं तिने हे वाक्य ऐकलं. दुकानात ऐकलं, चर्चमध्ये ऐकलं, शनिवारी सॉनातल्या वाफेत उघडी बसली असतानाही ऐकलं.

तिला जायचं होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पार्नूत तिची बहीण वाइके एकटी राहत होती आणि दोघींनी म्हातारपणी एका छपराखाली राहायचं ठरवलं होतं. मैमूचा गळा फार गोड. शहरात वाइकेच्या चर्चचा गानवृंद होता, तिथे तिची जागा तयार होती. इथे गायला मैमू, पेटी वाजवायलाही मैमू आणि ऐकायला सात जण.

दर वर्षी ती म्हणायची, यंदा जाईन. दर वर्षी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. एंडेल मरणाला टेकला, तेव्हा त्याचे कागद. त्रीनने दुकान घेतलं, तेव्हा तिचे परवाने. आम्ही तिला कधी थांब म्हटलं नाही. नुसतं एकामागून एक काम पुढे ठेवत गेलो.

त्या फेब्रुवारीत वाइकेच्या खालचीच खोली रिकामी झाली. तळमजला, दोन खिडक्या, अंगणात नासपतीचं झाड. घरं वृद्धांच्या संस्थेची होती. जो राहणार त्यानेच सही करायची, दुसऱ्याची चालत नाही. करार मंगळवारी इंटरनेटवरून आला. बुधवारी पाचपर्यंत सही, नाहीतर यादीतला पुढचा माणूस.

तो मंगळवार नेमका ईस्टरपूर्वीच्या लांब उपासाच्या आधीचा, सणाचा होता. दुकानात वाटाण्याचं सूप आणि मलईचे पाव होते. मैमूने तिथेच सांगून टाकलं.

"उद्या सही करते. बर्फ सुटला की जाते."

चमचे थांबले. मग त्रीन म्हणाली, "चांगलं झालं, मैमू मावशी," आणि तिने मैमूच्या बशीत दुसरा पाव वाढला.

"चांगलं कसलं!" साल्मे फणकारली. "आणि आमचं कोण बघणार? हा कारेल?" कारेल म्हणजे मी. "याला दाराची घंटा दाबायची म्हटलं तरी घाम फुटतो."

सगळे हसले. मैमूही हसली, पण मी तिच्याकडे बघत होतो. पिंजऱ्याचं दार उघडं दिसल्यावर पाखरू आधी बाहेर येत नाही, आत मागे सरकतं. तशी ती भिंतीला टेकली होती.

बुधवारी चार वाजता मी वाचनालयात गेलो. काम काही नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीचं माणूस आपल्या सुटकेवर सही करणार, तेव्हा कुणीतरी शेजारी असावं, एवढंच. मैमूने केस विंचरले होते. करार पडद्यावर होता. तिने आपलं ओळखपत्र फटीत सरकवलं. ते नवं कोरं होतं, शरद ऋतूत बदलून आलेलं. पत्र नवं की आकडेही नवे.

बोटं बटणांवर ठेवून ती बसून राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. थांब." मग हळूच म्हणाली, "कारेल, नव्या पत्राने मी अजून सही केलेलीच नाही. दार रोज उघडते. सही कशावर करणार? माझं काय असतं सही करण्यासारखं?"

"मोजे बघ की."

"माझे मी कुठे विणलेत?"

मी टेबलाच्या कडेला पडलेल्या तिच्या मोज्यांकडे बघितलं. साधे, करडे, दुकानातले.

"पाकीट?"

"जाळलं. तुम्हाला सांगायचं आणि आपण ठेवायचं?"

तीन वेळा चुकलं की सही बंद पडते, हे बेटावर लहान पोरालाही ठाऊक आहे. बंद पडली तर ती उघडायचा लांबलचक आकडाही त्याच पाकिटात असतो. तो नसेल, तर किनाऱ्यावरच्या कचेरीत स्वतः जाऊन नवीन पाकीट घ्यायचं.

तिने डोळे मिटले आणि पाच आकडे दाबले. पडद्यावर लाल अक्षरं आली. दोन संधी उरल्या.

"शेवटचे दोन उलटे झाले बहुतेक," ती म्हणाली. पुन्हा दाबले. पुन्हा लाल.

आता एकच. घड्याळात चार वीस झाले होते. मैमू उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. ओठ हलत होते. "सात होता. सुरुवातीला सात होता, नंतर काहीतरी जवळजवळचं. पाकीट उघडलं तेव्हा मी चुलीवर बटाटे ठेवले होते... कारेल, येतोय, येतोय असं वाटतं आणि मध्ये एंडेलचा येतो. मेला तरी जात नाही माणूस."

तेवढ्यात दार उघडलं आणि बर्फाळ वाऱ्यासोबत साल्मे आत आली.

"मैमू गं, एक मिनिटाचं काम. सरपणाच्या मदतीचा अर्ज. आज शेवटचा दिवस आहे म्हणे."

"आत्ता नको, साल्मे."

"अगं, मग मी काय खुर्च्या जाळू?"

आणि इथे मी बोललो. ते मला गिळता येत नाही, म्हणूनच हे लिहितोय. मी म्हणालो, "करून टाक तिचं. जरा दुसरीकडे मन गेलं की आपोआप आठवेल."

मैमूने माझ्याकडे पाहिलं. मग आपलं पत्र काढून बाजूला ठेवलं आणि खणातून साल्मेचं काढलं. साल्मे मोजे काढायला लागली, तोवर मैमूचं काम संपलंही होतं. चार आकडे, मग पाच, पाणी ओतावं तसे. पडद्यावर हिरवी खूण आली.

"देव तुझं भलं करो," म्हणून साल्मे खुर्चीत टेकली. घरी जायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.

मैमूने आपलं पत्र पुन्हा सरकवलं. चेहरा एकदम उजळला. "सात! सात, चार..." ती पुटपुटली आणि बोटं धावली. मी बटणांकडे बघत होतो. पहिला सात होता. पण पुढची बोटं ज्या वाटेने गेली, ती वाट मी नुकतीच पाहिली होती. साल्मेच्या सहीचा आकडाही सातानेच सुरू होतो. अकरा वर्षांची सवय होती त्या बोटांना. मी तोंड उघडेपर्यंत शेवटचं बटण दबलं होतं.

लाल अक्षरं आली. आता एकही संधी नाही.

साल्मेने आपल्या उजव्या मोज्याकडे पाहिलं आणि तो मांडीखाली सरकवला.

मैमूने बहिणीला फोन लावला. वाइके फोनच्या पडद्यावर दिसली. तिच्यामागच्या खिडकीतून, खाली अंगणात, ते नासपतीचं झाड दिसत होतं.

"झाली सही?"

"बंद पडली. माझ्या हातून."

"अगं, मग ये! उद्या ये, कचेरीत जाऊ, मी हातापाया पडते त्यांच्या."

मैमूने फोन उचलला आणि खिडकीबाहेर धरला. समुद्र वाइकेला दाखवला. राखाडी, फुटका, हलता बर्फ. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. वाइकेचा आवाज येत होता, स्पष्ट, शेजारच्या खोलीतून यावा तसा. "हेलिकॉप्टर?" "ते मरणाऱ्यांसाठी असतं, वाइके. मला नुसतं जायचं आहे."

पाच वाजले. पडद्यावरचा करार होता तसाच होता. फक्त सहीची चौकट नाहीशी झाली.

त्या आठवड्यात सगळे मैमूशी फार गोड वागले. कुणी भाजलेला मासा नेऊन दिला, कुणी लाकडं फोडून दिली. त्रीन रडलीसुद्धा. पण दुकानात मागच्या बाजूला कॉफी पिताना माणसं सैल बसली होती, वादळ दुसरीकडून निघून गेल्यावर बसतात तशी. मीही तसाच बसलो होतो. मला जे हलकं वाटत होतं त्याला शरम म्हणावं की आनंद, हे मी कुणाला विचारलं नाही.

बर्फ मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुटला. मी होडी काढली आणि पहिल्याच फेरीला मैमूला नेलं. कचेरीत दहा मिनिटांचं काम झालं. ती नवं पाकीट घेऊन आली. मला वाटलं, ती बस पकडून पार्नूला जाईल, निदान दोन दिवस बहिणीकडे राहील.

"नाही रे. गुरुवारी कुणाकुणाच्या औषधाच्या चिठ्ठ्या आहेत. आणि जाऊन काय बघू? वाइके सांगत होती, खालच्या खिडक्यांना हिरवे पडदे लागलेत."

परत येताना मध्यावर तिने मला यंत्र बंद करायला सांगितलं. होडी हेलकावत उभी राहिली. तिने पाकीट फाडलं, वाचलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वाच."

"मी कशाला? नियम..."

"तुझे मी अकरा वर्षं वागवलेत, कारेल. माझे तू वागव. माझ्या डोक्यात जागा नाही."

मी वाचलं. मग तिने कागदाचे तुकडे करून पाण्यात टाकले आणि पायाखालच्या जाळ्याची उसवलेली दोरी माझ्या हातात दिली. विणता मला येत नाही, गाठी येतात. बेट येईपर्यंत मी पाच आकड्यांच्या गाठी मारल्या, मध्ये मोकळी जागा सोडून. मैमू बघत होती, ओठ घट्ट मिटून, मोजत नव्हती.

ती दोरी माझ्या दाराआड खिळ्याला टांगलेली आहे. आता माझा मुलगा मला किनाऱ्यावर त्याच्याकडे राहायला बोलावतो. दर रविवारी फोन करतो, चित्र अगदी स्वच्छ दिसतं. मी म्हणतो, यंदा बघू. पलीकडच्या घरात पेटीवर मैमूचा सराव चाललेला ऐकू येतो, एकटीचा. मधेच थांबते ती. मग कळतं, कुणीतरी दार वाजवलंय.