तोंड नसलेली टोपली

तोंड नसलेली टोपली मी आयुष्यात एकच केली. चौथी नापास बुरुडाला यीस्टच्या पेशीत काय असतं हे ठाऊक असायचं कारण नाही. पण मला ठाऊक आहे, आणि ते बायकोमुळे. ती गेली त्याला या दिवाळीला वर्ष होईल. लोक विचारतात, तिचं काय आठवतं? मला ही टोपली आठवते. आता काय करू.

साल ध्यानात नाही. ऐंशीच्या पुढचे दिवस, सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात वीज नुकती आली होती. चंद्रपूरच्या एका कॉलेजातले तरुण सर वही घेऊन दारात आले. त्यांना विज्ञान प्रदर्शनाला यीस्टच्या पेशीचं केंद्रक करून न्यायचं होतं. फुगा केला तो फुटला, मातीचा गोळा केला तो एस.टी.त फुटला. म्हणून बांबू.

"यीस्ट म्हंजे काय जी?" मी विचारलं.

"पाव फुगवते ना, ते. डोळ्याला दिसत नाही एवढा बारीक जीव. त्याच्या पोटात केंद्रक, केंद्रकात सोळा गुणसूत्रं. धागे समजा."

"दिसतच नाई त त्याची टोपली कायले?" आतून बायको.

सरांनी चित्र दाखवलं. गोल टोपली, वरच्या टोकाला आतून एक गाठ. सोळाही धागे आपापल्या पोटापाशी, म्हणजे मधे, त्या एका गाठीला धरलेले, आणि त्यांचे शेंडे लांब जाऊन भिंतीला टेकलेले. गाठीच्या बरोबर समोर, तळाशी, काळी चंद्रकोर. तिला केंद्रकी म्हणतात, ती काळ्या फडक्याची करा म्हणाले. हे सगळं नवं आहे, पुस्तकात अजून आलं नाही, असं असावं असा अंदाज आहे, असंही म्हणाले. अंदाजावर टोपली मी पहिल्यांदाच करत होतो.

बायको चित्रावर वाकली. "बैलं एका खुट्याले बांधल्यावानी हाय. पण पोटाले दोर लावून बैल कोन बांधते?"

"यीस्ट बांधते," सर म्हणाले. मग पेशीच्या दोन पेशी कशा होतात तेही त्यांनी सांगितलं. मी बांबूच्या कमच्या तासत होतो, माझ्या डोक्यात शिरलं नाही. ती ऐकत होती.

आतलं दिसावं म्हणून मी दोन बोटं फट ठेवून विरळ विणली. बायकोनं कोपरापर्यंत हात घालून अंबाडीचे सोळा दोर बांधले. आमच्या घरात अर्धी झालेली टोपली म्हणजे कपाट. विळा, सुतळी, भाकर, सारं तिच्यातच. भात टाकायला उठताना तिनं आपली डबी टोपलीत ठेवली. तळहाताएवढी पितळेची, एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. आणि मी घाईघाईनं तोंड विणून बंद केलं; उलटं केलं की तोच तळ. काळं फडकं विसरलो ते वेगळंच.

उचलली तर आत खुळकन वाजलं. मी आत पाहिलं, हळूच खाली ठेवली आणि वरून गोधडी टाकली. सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर तळ उकलावा लागला असता, आणि सकाळच्या गाडीनं टोपली पोचवायची होती.

तिनं घर उलथं केलं. शेजारणीवर आळ घेतला, कोंबडीवर घेतला. मीही तिच्यासोबत चुलीमागं शोधलं.

"मायनं देल्ली तवापासूनचा चुना हाय त्यात," ती म्हणत होती. "वरून नवा टाकते, पानी टाकते, कधी वाळू देल्ला नाई. आता दगड होईन त्याचा."

सकाळी मी टोपली डोक्यावर घेतली. खुळ्ळ.

"थे काय वाजलं?"

"गुणसूत्र," मी म्हणालो.

तिनं गोधडी ओढली. आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तळ उकलायला वेळ नव्हता, ती पदर खोचून माझ्यामागं गाडीत चढली. "डबी घेतल्याबिगर मी घरी येत नाई."

कंडक्टर म्हणाला, "आत कोंबडी हाय का? काय वाजते? अन् याले तोंड काऊन नाई?"

"यीस्ट हाय," मी म्हणालो. त्यानं आम्हाला मागच्या सीटवर बसवलं.

कॉलेजात मुलांनी टोपली घाईघाईनं टांगली. सर दुसऱ्या टेबलाशी गुंतलेले होते, ते आले तेव्हा तपासायला आलेले म्हातारे पाहुणे टोपलीशी वाकलेच होते. "केंद्रकी बरोबर गाठीच्या समोर घेतली. आणि पितळेची! छान."

सरांना डबी तेव्हा दिसली. मान डोलावून म्हणाले, "हो सर."

"कायची केंद्रकी?" बायको पुढं झाली. "माया मायची डबी हाय थे. या मानसानं कोंडली."

सारा हॉल हसला. पाहुणे हसले नाहीत. "बाई, मग बाकीचं काय आहे ते तुम्हीच सांगा."

तिनं सांगितलं. "हे सोळा दोर. पोटाशी एका गाठीत, शेंडे भितीले. मोकळे सोडले त गुततीन. पेशीचे दोन व्हाचे असले का एकेका दोराचे दोन होतेत, मंग गाठीच्याबी दोन. एक गाठ इकडच्या टोकाले, एक तिकडच्या, आपापले सोळा वढून नेतेत. टोपली लांब होते अन् मधात चिमटते. भित पडत नाई. बाहेरच्याले पत्ताबी लागत नाई." मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "यायच्या भावायची वाटनी झाली त सारा गाव छपरावर चढून पाहे."

आता पाहुणेही हसले.

दुसरा नंबर आला. टोपली नागपूरच्या प्रदर्शनाला पाठवा, केंद्रकीसकट, असा हुकूम झाला. सरांनी तिच्यापुढं हात जोडले. "बाई, आठच दिवस. मी नवी डबी घेऊन देतो."

हे त्यांनी बोलायला नको होतं. तिनं माझ्याकडून सुरी घेतली, तळाच्या दोन कमच्या उकलल्या, डबी काढली. तिथंच फरशीवर बसून पाणी मागितलं. चुन्याला कडेनं चिरा पडायला लागल्या होत्या. दोन थेंब टाकून ती बोटानं मळत राहिली. चुना मऊ झाला तेव्हा तिचा चेहरा सुटला.

"वाजनारंच पायजे ना? मंग यायची घ्या." माझ्या खिशातली बिड्यांची पत्र्याची डबी तिनं आत टाकली आणि कमच्या परत विणल्या. माझ्यापेक्षा नीट.

टोपली नागपूरहून परत आली नाही. बिड्याही नाही.

परतीच्या गाडीत मी तल्लफेनं कासावीस झालो होतो. मधे कुठं पानठेला दिसला असता तर उतरून पळालो असतो. तिनं डबी उघडून पुढं केली. "घ्या. गुणसूत्र."

ती गेल्यावर पोरीनं तिची लुगडी वाटायला काढली, डबीही त्यातच ठेवली. मी काढून घेतली. तंबाखू डॉक्टरनं बंद केला आहे. पण चुन्यावर सकाळी दोन थेंब टाकतो, बोटानं मळतो. बोट जळतं, ती कशी मळत होती कोण जाणे.

मागच्या महिन्यात पोरीकडं चार दिवस राहायला गेलो आणि डबी घरी विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवता जेवता आठवलं. ताटावरून उठलो.

"बाबा, असं काय काम अडलं घरी?" पोरगी म्हणाली.

"चुना वाळून जाईन," म्हणालो आणि दुपारचीच गाडी धरली.