दुसऱ्या पाळीचा माणूस

त्या वर्षी मी देवाशी बोलणं बंद केलं होतं. रागावून नव्हे, सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई गेल्यावर लालबागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी, आणि बाबांना स्मृतिभ्रंश झाला होता. गिरण्यांच्या संपाआधी ते परळच्या एका गिरणीत विणकर होते. संपानंतर वॉचमनची नोकरी करून त्यांनी मला इंग्रजी शाळेत शिकवलं. आता त्यांना संप आठवत नव्हता. सकाळी उठून ते भिंतीसमोर उभे राहत आणि समोर साचा, म्हणजे कापडाचा माग, चालू असल्यासारखे हात हलवत. बसा म्हटलं की म्हणत, "दुसऱ्या पाळीचो माणूस इलो नाय. चालतो साचो सोडून कसो बसू?" दुपार होई तरी पाण्याचा घोट घेत नसत. पाय सुजून कातडी चकाकू लागली होती.

मी खरं तेच सांगायचे. बाबा, गिरणी बंद झाली, कितीतरी वर्षं झाली. दर वेळी ते ही बातमी पहिल्यांदा ऐकत आणि लहान मुलासारखे रडत. मग पुन्हा उभे राहत.

अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांच्या मनावर काय परिणाम होतो, यावर एक तरुण डॉक्टरबाई संशोधन करत होत्या. त्यांनी मला हॉस्पिटलात बोलावलं. बाबांना दाराबाहेर बाकाजवळ ठेवून मी आत बसले. झोप लागते का, रडू येतं का, आपल्या हातून काही वाईट होईल अशी भीती वाटते का, असं त्या हळू आवाजात विचारत होत्या. शेवटच्या प्रश्नाला मी "कधीच नाही" म्हटलं. त्याच सकाळी बाबांना खाली बसवताना मी त्यांचं मनगट इतकं आवळलं होतं, की माझ्या बोटांचे वळ उमटले होते. सोडायला हवं हे कळत असूनही माझा हात सुटत नव्हता.

तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला. "काय रे, उशीर केलंस?"

मी उघड्या दारातून पाहिलं. बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ उठून बाबांच्या शेजारी उभे होते. त्यांच्या बायकोने मागून त्यांच्या शर्टाचं टोक घट्ट धरलं होतं. तिची नजर कुठेच नव्हती.

"गेटवर खोळंबलो, भाऊ," ते म्हणाले. "द्या साचा. तुम्ही टेका आता."

बाबांनी त्यांना नीट न्याहाळलं. "डावीकडचो धागो सारखो तुटता. बघ हां."

"बघतो."

बाबा बसले. मी धावत जाऊन पाणी दिलं, ते त्यांनी पूर्ण प्यायलं आणि डोळे मिटले. खिडकीतून आलेल्या उन्हात धुळीचे कण कापसासारखे तरंगत होते. ते गृहस्थ अजून रिकाम्या हवेत हात हलवत होते आणि त्यांची बायको त्या हालचालीबरोबर हलकेच डुलत होती. मला वाटलं, ही जागा हॉस्पिटल नाही, दुसरीच कुठलीतरी आहे.

"तुम्हीही विणकर होता?" मी विचारलं.

ते हसले. "छे गं. मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. सूतखात्यात होतो. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे ना, मग विटाळ होईल म्हणून आमच्या लोकांना साच्याला हात लावू देत नसत. आज मिळाला बघ एकदाचा!"

मी खाली मान घातली. "तुम्हाला देवानेच पाठवलं," एवढंच म्हणाले.

"मला बायकोच्या दुखण्याने आणलंय, पोरी. देवबिव आपण मानत नाही." मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुझ्या जागी कोण उभं राहतं?"

"कोणी नाही."

"मग मरशील की! माणूस एक पाळी करतो, तीन नाही."

मी आत गेले आणि म्हटलं, पहिल्यापासून विचारा. त्या दिवशी मी मनगटाचंही सांगितलं. डॉक्टरबाईंनी मला रडू दिलं. बाहेर आले तेव्हा ते नवरा-बायको निघून गेले होते. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं.

आता दुपारी शेजारच्या काकी येतात, "झाली हो पाळी" म्हणतात, बाबा बसतात, जेवतात. मी त्यांच्या खोलीत जाऊन तासभर झोपते. देव मला भेटला, असं मी म्हणत नाही. पण तो मानणाऱ्यांच्याच हाताने येतो, असं काही नसावं. झोप लागताना मी मूठ उघडी ठेवायला शिकते आहे. भिंतीपलीकडे काकी बाबांशी काहीतरी बोलत असतात, आणि माझा हात नसूनही सगळं चालू असतं.