नदीतला उंबरा

आमच्या नदीत, गावाच्या जरा खाली, या काठापासून त्या काठापर्यंत आडवा खडक होता. गाव त्याला उंबरा म्हणायचं. खाडीची भरती तिथवर यायची आणि मागं फिरायची. उंबऱ्याखाली बोयरं, जिताडे, खाऱ्या पाण्यातले मासे. वर गोड्या पाण्यातली मासळी. वरच्या वाड्यांच्या विहिरी गोड राहिल्या त्या या खडकामुळे, हे गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. मलाही नाही.

नदी सुधारण्यासाठी सरकारकडे अर्ज मीच केले होते. काठावर करंज-उंबर लागावेत, वाळूचा उपसा थांबावा, डोहांतली मासळी टिकावी, एवढंच मागणं. अलिबागच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला ‘नदीवाले’ म्हणू लागला. शेवटी निधी आला, पण ‘गाळ व अडथळे काढणे’ एवढ्याच कामासाठी. झाडांना दमडी नाही, माशांना नाही. शिवाय मार्चअखेर खर्च करा, नाहीतर परत. बरं, आमच्या नदीत काढण्याजोगा गाळ होता कुठे? पण बिल निघतं ते काय उपसलं त्यावर. नदीला हात न लावण्याचं बिल निघत नाही!

पाहणीला आलेल्या साहेबांनी उंबऱ्याकडे बोट केलं. “हा अडथळाच ना?”

मी “हो” म्हणालो.

एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं, काही दिलंही नव्हतं. आलेले पैसे परत जातील या भीतीनं मी हो म्हणालो. मग ब्रेकर आला, खडक फुटला, काठावर ‘नदी अधिवास पुनर्स्थापना’ असा फलक लागला. फलकाशेजारी हार घालून माझा फोटोही काढला.

पुढच्या उन्हाळ्यात भरती थेट वाड्यांपर्यंत चढली. थोरला भाऊ गेल्यापासून त्याची वाडी वहिनी एकट्या सांभाळतात. नारळांनी तग धरला, पोफळी पिवळ्या पडल्या. एकदा गेलो तर वहिनींनी चहा पुढे केला.

“प्या भावजी. मीठ येगलं घालाय नको आता.”

मी प्यायलो.

“त्या ब्रेकरवाल्याचं हात झडोत,” त्या म्हणाल्या. “त्याला सांगणारं कुणी नव्हतं का वो?”

मी कप खाली ठेवला आणि नारळाच्या भावाचं काहीतरी बोललो.

यंदा साहेब पुन्हा आले, नवी योजना घेऊन. खारं पाणी अडवायला सिमेंटचा बंधारा, उंबरा होता नेमका त्याच जागी! नावही तेच, अधिवास पुनर्स्थापना. आधी तोडायला पैसे, आता तोडलेलं भरून काढायला त्याहून जास्त. आणि दोन्ही वेळा नदीवर उपकार. ग्रामसभेत साहेब म्हणाले, “पूर्वी इथं भरतीला अडवणारं नैसर्गिक असं काही नव्हतंच.” लोक चुळबुळले. माझं डोकं फिरलं. उठलो.

“होतं, साहेब. खडक होता. तुम्ही विचारलंत आणि मीच त्याला अडथळा म्हणालो. जाणून म्हणालो.”

मागून कुणीतरी म्हणालं, “आरं द्येवा, घरचाच निघाला!”

बायकांच्या रांगेतून वहिनी उभ्या राहिल्या. “बसू नका, भावजी. आर्धं बोललात, आता पुरतं बोला.”

मी बोललो. फोडलेले दगड अजून काठावर आहेत, ते पात्रात पुन्हा रचा, भरतीपुरते उंच. माशांना वर चढायला फट ठेवा. सिमेंट नको.

साहेब हसले. “कल्पना चांगली आहे. पण त्यासाठी खर्चाचं हेड नाही.”

“तोडाय होतं, रचाय न्हाय?” वहिनींनी विचारलं. “कुनाच्या बापाची नदी हाय ती?”

बंधाऱ्याचा ठराव त्या दिवशी झाला नाही. साहेब ‘वर विचारतो’ म्हणून गाडीत बसले. वर कोण बसलंय, त्यानं कधी आमची विहीर चाखलीय का, हे विचारायची सोय नाही.

त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. समोरून आलो की पदर सारखा करून निघून जातात. त्यांचं बरोबरच आहे, माझा जाब त्यांनी घेतला. साहेबांचा कोण घेणार?