पाठ पूर्ण होईपर्यंत

आयुष्यभर शास्त्रे शिकलो, शिकवली. पण मरणानंतरच्या चमत्कारांच्या गोष्टी कोणी सांगू लागले की मी उठून जात असे. श्रद्धा निराळी आणि ऐकीव गोष्टी निराळ्या, असेच मानत आलो. तरीही हे आपणापुढे ठेवतो आहे, कारण मनात बाळगणे आता झेपत नाही...

विरार पश्चिमेला, बोळिंजमध्ये आमचे दुसऱ्या मजल्यावरचे घर. गेल्या वर्षी पत्नीचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला आणि डॉक्टरांनी तिला घरीच ठेवण्यास सांगितले. दिवसाआड फिलोमिना सिस्टर येत. वेदनांचे औषध देत, तिची कूस बदलत. शेवटच्या आठवड्यात तिची वाचा गेली. सिस्टर म्हणाल्या, "काका, पोथी जरा राहू द्या. हात धरून बोला त्यांच्याशी. त्यांना ऐकू येतं." मी उत्तरलो, विष्णुसहस्रनामाहून मोलाचे मी काय बोलणार?

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिच्या उशाशी पाठ म्हणत होतो. तिची बोटे माझ्या मनगटावर आली. आरंभलेला पाठ मध्येच मोडायचा नाही, हा माझा जन्माचा नेम. पोथीवरची दृष्टी न काढता मी बोट वर केले — थांब. सारा संसार तिने त्या बोटाकडे पाहत केला होता. फलश्रुती संपवून वळलो, तेव्हा ती गेली होती.

दारात सिस्टर उभ्या होत्या. तो त्यांच्या येण्याचा दिवस नव्हता. केव्हा आलात, म्हणून विचारले, तर बराच वेळ जिन्यात बसले होते, म्हणाल्या.

"काकूंचा फोन आला, काका. आवाज ऐकून मीच चरकले. म्हणाल्या, लगेच या, पण यांचा पाठ होईपर्यंत बाहेर थांबा. मध्ये मोडला तर यांना दिवसभर रुखरुख लागते."

पत्नी सहा दिवस एक शब्द बोलली नव्हती. तिचा मोबाइल बॅटरी उतरून कपाटात बंद पडलेला. सिस्टरांच्या फोनवर तिच्या नावाची नोंद मी स्वतः वाचली. मुलाने नंतर तिचा फोन चार्ज करून पाहिला — त्यात तसा कॉल नाही.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. तिने मला क्षमा केली, की नेहमीसारखे नुसते सांभाळून घेतले, तेही कळत नाही. मनगटावर बोटे टेकवून तिला काय हवे होते... ते मात्र तिने सिस्टरांनाही सांगितले नाही.